मेलेल्या खलनायकाला ठेवायचं कुठे?

सिल्व्हानास विंडरनर ही बाई तुमच्या ओळखीची नसेल, तर तिच्याबद्दल एवढंच आधी सांगतो: तिने एक झाड जाळलं आणि त्या झाडावर एक शहर होतं. झाडाचं नाव टेल्ड्रासिल. ते 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ पासून अखंड चालू असलेल्या संगणकीय खेळात होतं. २०१८ मध्ये खेळाच्या कथेत ते पेटलं, नाइट एल्फ नावाच्या जमातीची माणसं त्यात होरपळली आणि जगभरच्या खेळाडूंनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. चार वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच कथेत सिल्व्हानासचा न्याय झाला. शिक्षा ठरवायचा अधिकार तिरांडेला मिळाला, म्हणजे ज्यांची माणसं जळाली त्यांच्याच पुढारणीला. तिने सिल्व्हानासला मारलं नाही, माफही केलं नाही. ज्या नरकात इतके जीव लोटले गेले त्या नरकात उतरायचं आणि अडकलेला शेवटचा जीव बाहेर निघेपर्यंत तिथेच राबायचं, अशी शिक्षा तिने सुनावली.

तेव्हापासून भांडण चालू आहे. एक बाजू म्हणते, शहर जाळणाऱ्या बाईला नुसतं कामाला लावलं, हा कसला न्याय? दुसरी बाजू सिल्व्हानासचा इतिहास काढते. ती मुळात आपल्या शहराची रक्षक होती. २००२ च्या 'वॉरक्राफ्ट ३' मध्ये आर्थस या बिघडलेल्या राजपुत्राने तिला मारलं आणि मरणातही सुटका न देता तिचं पिशाच करून स्वतःच्या चाकरीला जुंपलं. पुढे कथेत असंही उघड झालं, की आर्थसच्या तलवारीने तिच्या आत्म्याचे दोन तुकडे केले होते आणि चांगला तुकडा इतकी वर्षं तिच्याजवळ नव्हताच. मग झाड जाळलं ते नेमकं कोणी? यावर पहिली बाजू उसळून म्हणते, ही लेखकांची पळवाट आहे. असा अर्धा आत्मा काय, कोणालाही चिकटवता येईल.

काल्पनिक बाईने जाळलेल्या काल्पनिक झाडाबद्दल माणसं इतकी का तापतात? हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. त्याचं उत्तर शोधायला निघालं, की वाट थेट आपल्या अंगणात येते. जेजुरीच्या पायऱ्यांवरून, कोकणातल्या शिमग्यातून आणि दिवाळीच्या पहाटेच्या न्हाणीघरातून.

आधी खेळाची यंत्रणा समजून घेऊ. कादंबरीतला खलनायक लेखक मारतो. नाटकातला नायक मारतो आणि आपण टाळ्या वाजवतो. खेळातला खलनायक मात्र आपल्या बोटांनी मरतो. शेवटच्या मोठ्या शत्रूला खेळाडू 'बॉस' म्हणतात. त्याच्या डोक्यावर प्राणशक्तीची पट्टी दिसत असते आणि ती शून्यावर आणायला कधी रात्रीच्या रात्री जातात. वीस-पंचवीस माणसं वेगवेगळ्या शहरांतून एकत्र येऊन एका बॉसवर तुटून पडतात, शंभरदा हरतात, डावपेच बदलतात, पुन्हा येतात. एवढं करून पट्टी शून्यावर आली आणि मग पडद्यावर तो खलनायक उठून उभा राहिला, चार वाक्यं बोलला आणि निघून गेला, तर खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं. हरवणं त्याच्या हातात होतं, पण पुढचं प्राक्तन लेखकांनी स्वतःकडे ठेवलं. वादाची ठिणगी इथे पडते.

काही खेळांनी ही दरी बुजवायचा प्रयत्न केला. प्रोग्रामच्या आत लहानलहान नोंदी असतात: या पात्राला मारलं की सोडलं, हा दरवाजा उघडला की नाही. पुढचे प्रसंग त्या नोंदी वाचून बदलतात. २०१५ चा 'अंडरटेल' हा छोटा खेळ यात इतका पुढे गेला, की तुम्ही एकदा केलेली कत्तल खेळ पुन्हा सुरू केला तरी तो विसरत नाही. फ्लावी नावाचं फूल तिथे खलनायक आहे. शेवटी ते तुमच्या पायाशी अर्धमेलं पडलेलं असतं आणि मारायचं की सोडायचं हे विचारलं जातं. सोडलंत तर ते तुमच्यावरच वैतागतं, असं का केलंस म्हणून.

तरीही फांद्या हव्या तितक्या फुटू शकत नाहीत. प्रत्येक फांदीचे संवाद लिहावे लागतात, नटांकडून वदवून घ्यावे लागतात, हालचाली घडवाव्या लागतात. म्हणून बहुतेक खेळांत वाटा थोड्या वेगळ्या होतात आणि पुढे पुन्हा एकत्र येतात. वर्षानुवर्षं चालणाऱ्या खेळाची अडचण आणखी वेगळी आहे: गाजलेला खलनायक त्याला खरोखर गमावणं परवडत नाही. 'वॉरक्राफ्ट'मधल्या इलिडनला खेळाडूंनी २००७ मध्ये मारलं आणि २०१६ मध्ये तोच परत आला, या वेळी जगाचा तारणहार होऊन.

आता खेळातून आपल्या अंगणाकडे, मुंबईतल्या कांदिवलीला येऊ. पश्चिमेचा चारकोप हा भाग जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० च्या दशकात आखलेल्या वसाहतीतून वाढला. म्हाडाने भूखंड आखून दिले, माणसांनी घरं बांधली, सेक्टरांच्या आकड्यांनी पत्ते ठरले. या पट्ट्यात सिंधुदुर्ग-रत्नागिरीची कुटुंबं भरपूर. नातू संगणकावर बॉस मारत असतो आणि आजोबांनी गावच्या जत्रेत रात्र रात्र जागून दशावतार पाहिलेला असतो. त्या दशावतारात एक खलनायक आहे, आणि त्याचं प्राक्तन कोणत्याही स्टुडिओने लिहिलेल्या प्राक्तनाहून विलक्षण आहे.

त्याचं नाव संकासूर. कथा दोन ओळींची: याने ब्रह्मदेवाचे वेद चोरले, विष्णूने मत्स्यावतार घेऊन याला मारलं. पण रंगमंचावर काय होतं बघा. दशावताराच्या पूर्वरंगात, ज्याला आडदशावतार म्हणतात, गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतात. सगळे मोजकं बोलतात किंवा बोलतच नाहीत. मग डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात झाकलेला संकासूर येतो आणि घडाघडा मालवणी बोलायला लागतो. भटजीची खेचतो, गावातल्या बातम्या काढतो, पुढे बसलेल्यांची टर उडवतो. दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात, नट ते तिथल्या तिथे रचतात. त्यामुळे लोक जितके हसतील तितका असुर लांबतो. विष्णू येऊन मारेपर्यंत प्रेक्षकांचं मन त्याने केव्हाच चोरलेलं असतं, वेद बाजूलाच राहिले.

आणि मारल्यावर? उत्तर रत्नागिरीत, गुहागर-दापोलीकडे, शिमग्यात हाच संकासूर घरोघर फिरतो. काळा अंगरखा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा खणखणाट. पोरं त्याला घाबरून पळतात आणि मोठी माणसं त्याच्या पाया पडतात, नवस बोलतात. वेदचोर असुर नवसाला पावतो! मुंबईतून शिमग्याला गावी गेलेल्या पोराने विचारलंच, की याला तर देवाने मारला ना, तर जुनी माणसं हसून म्हणतील, "अरे, संकासूर कुठं मरतो? दर वर्षी येतो."

इथे मला या सगळ्या वादाची किल्ली सापडते. मारणं हा कथेतला सोपा भाग. अवघड प्रश्न त्यानंतरचा: या मेलेल्याला ठेवायचं कुठे? आणि महाराष्ट्राने या एका प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरं काढून ठेवली आहेत, की खेळ लिहिणाऱ्यांनी वहीपेन घेऊन इकडे यावं.

जेजुरी घ्या. मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ. खंडोबाने सहा दिवस युद्ध करून त्यांचा पराभव केला. मार्गशीर्षातलं खंडोबाचं षड्रात्र आणि चंपाषष्ठी त्याच लढाईची आठवण. 'मल्हारी माहात्म्या'च्या परंपरेत मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा खंडोबाला देतो आणि वर मागतो, की तुझ्या देवळात मलाही जागा दे. देव 'तथास्तु' म्हणतो. म्हणून मणीचं स्थान आजही खंडोबापाशी आहे आणि त्यालाही मान मिळतो. मल्ल मात्र शेवटपर्यंत वाकत नाही. वर माग म्हटल्यावर तो जगाचा नाशच मागतो. खंडोबा त्याचं शिर उडवतो आणि ते देवळाच्या पायऱ्यांशी ठेवलं जातं, येणाऱ्या प्रत्येक भक्ताचा पाय त्यावर पडावा म्हणून.

दोन भाऊ, एकच गुन्हा, एकच पराभव आणि दोन शेवट. फरक पडला तो शेवटच्या क्षणी त्यांनी काय मागितलं त्याने. पण लोकांनी मल्लालाही तिथेच सोडलं नाही. दुसऱ्या एका कथेत मल्लही सुधारतो आणि देवाच्या नावात माझं नाव राहू दे असं मागतो. म्हणून खंडोबा मल्हारी. येळकोट करणारा प्रत्येक भाविक देवाला हाक मारताना त्याच्या शत्रूचंही नाव घेतो. दोन्ही कथा आजतागायत शेजारी शेजारी नांदतात आणि कोणती खरी हे ठरवायला कोणी समिती नेमलेली नाही.

म्हसोबाची गोष्ट याहून चक्रावणारी. दा. ध. कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात पुण्याच्या आसपासची देवस्थानं पायी फिरून नोंदली. रेड्याच्या रूपातल्या असुराला देवी एका ठिकाणी चिरडते आणि थोडं पुढे गेलं की शेंदूर फासलेला म्हसोबा देवीचा नवरा म्हणून पूजला जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांनी त्यामागे माणसांच्या टोळ्यांचा इतिहास वाचला. दोन समाज भिडले की त्यांचे देव लढतात आणि दोन समाज एकत्र नांदू लागले की त्यांच्या देवांचं लग्न लागतं. खलनायकाचं प्राक्तन हा समाजांच्या तहाचा मसुदा असू शकतो, हे कळल्यावर जत्रेतली साधी दगडी मूर्तीही वेगळी दिसायला लागते.

आणि बळी! असुरांचा राजा. वामनाने तीन पावलांत त्याला पाताळात घातलं. पुराणाने तिथेच त्याची सोय लावली: सुतल लोकाचं राज्य, दारावर पहारेकरी म्हणून खुद्द विष्णू आणि पुढच्या एका मन्वंतरात इंद्रपद. म्हणजे शिक्षा देणाराच शिक्षा भोगणाऱ्याच्या दारात उभा. केरळने त्याला वर्षातून एकदा घरी यायची परवानगी मिळवून दिली. ओणमला मुंबईच्या उपनगरांतल्या मल्याळी घरांत फुलांची रांगोळी पडते ती त्याच्याच स्वागताला. मराठी घरांत दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो असं म्हणतात. देवाने हरवलेल्याचं राज्य परत यावं म्हणून तीच देवभक्त माणसं दिवा लावतात.

मग १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि पाटी पुसून कथा नव्याने मांडली. त्यांच्या मांडणीत बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा, खंडोबा, जोतिबा, म्हसोबा हे त्याचे कारभारी आणि वामन हा बाहेरून आलेला आक्रमक. खेळाडूंच्या जगात याला वाद म्हणतात: खलनायक खरा कोण आणि कथा कोणाच्या तोंडून ऐकतोय आपण? फुल्यांनी हाच प्रश्न विचारला, फरक इतकाच की त्यांच्या प्रश्नावर जिवंत माणसांची भाकरी आणि मान अवलंबून होता. त्यामुळे खलनायकाची बाजू घेणं म्हणजे नेहमी वाईटाचं कौतुक असतं असं समजायचं कारण नाही. कधी तो हरलेल्यांनी मागितलेला फेरतपास असतो.

उलट टोकही आपल्याकडे आहे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. ते कडू हिरवं फळ म्हणजे नरकासुर, आणि त्यासाठी ते दिवाळीत मुंबईच्या बाजारात मुद्दाम विकायला येतं. पण गोव्यात आणि सावंतवाडी-कुडाळकडे त्याच पहाटे जाळायला नरकासुराचे अजस्र पुतळे उभे राहतात. दिवसचे दिवस खपून तरुण मंडळी ते बनवतात, रात्रभर स्पर्धा चालतात, बक्षिसं लागतात. कृष्ण असतो, पण कोपऱ्यात, लहानसा. दरवर्षी गोव्यात वाद होतो, की हा सण नक्की कोणाचा, आणि कृष्णासाठीही स्पर्धा ठेवा अशा सूचना येतात. ज्याला जाळायचंय त्याच्यावरच सगळी कला ओतली जाते. खेळ बनवणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: नायकाचा चेहरा गुळगुळीत ठेवून चित्रकाराचा सगळा जीव बॉसच्या शिंगांत आणि दातांत जातो.

या सगळ्यांवर कळस चढवतं ते महाभारत. स्वर्गारोहण पर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि समोर बघतो तर दुर्योधन तेजाने झळकत सिंहासनावर बसलेला. भाऊ कुठेच नाहीत. धर्मराज चिडतो, इतका की असला स्वर्ग नको म्हणतो. नारद समजावतात: तो क्षत्रियाच्या धर्माने रणात पडला, म्हणून त्याला हे स्थान मिळालं, आणि इथे वैर चालत नाही. सिल्व्हानासच्या शिक्षेवर आज जो चिडतो त्याचा सगळा संताप युधिष्ठिराच्या तोंडी आधीच आलेला आहे. व्यासांनी आपल्या सर्वांत समंजस पात्राला तो बोलू दिला आणि तरीही दुर्योधनाला सिंहासनावरून उठवलं नाही.

हे सगळं शेजारी मांडलं की वादाचे खरे मुद्दे सुटे होतात. पहिला: गुन्हा करताना तो स्वतःच्या ताब्यात होता का? सिल्व्हानासच्या अर्ध्या आत्म्याचं भांडण हे आहे. जय-विजय या वैकुंठाच्या द्वारपालांचंही हेच: शाप मिळाला म्हणून हिरण्यकशिपू, रावण, शिशुपाल झाले, मग दोष किती त्यांचा आणि किती शापाचा? दुसरा: माफ करायचा हक्क कोणाचा? 'वॉरक्राफ्ट'च्या लेखकांनी तो जळालेल्यांच्या पुढारणीला दिला, आणि माझ्या मते त्या सगळ्या गोंधळलेल्या कथेतला तो एकच निर्णय अचूक होता. तिसरा: मरण ही पुरेशी शिक्षा, की सुटका? चौथा मुद्दा फार कमी वेळा बोलला जातो: आपल्याला त्याची पुढे गरज आहे का? संकासुरावाचून दशावतार रंगत नाही, मणी-मल्लावाचून चंपाषष्ठी नाही.

खेळाडूंच्या भांडणात बहुतेकदा दोनच पर्याय समोर असतात, मारा किंवा सुधारा. आपल्या लोककथांनी तिसरा काढला: जागा द्या. मणीला देवळात, मल्लाला पायरीखाली, बळीला पाताळात आणि वर्षाच्या एका दिवशी ओठांवर, संकासुराला शिमग्याच्या अंगणात, दुर्योधनाला थेट स्वर्गात. प्रत्येकाची जागा त्याच्या कृत्याचं माप घेऊन ठरवलेली. मान द्यायचा तर किती, आणि पाय द्यायचा तर कोणत्या पायरीवर, इतका बारीक हिशेब. त्यात अन्याय विसरला जात नाही आणि माणूसही कायमचा पुसला जात नाही. तिरांडेने सिल्व्हानासला नरकात कामाला लावलं तेव्हा तिने नकळत याच परंपरेत पाऊल टाकलं.

खेळाडूही हे शिकताहेत. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' मध्ये मिन्थारा नावाची क्रूर सेनानी आहे. सुरुवातीला तिला आपल्या गटात घ्यायचं तर तिच्या बाजूने होऊन निरपराधांची कत्तल करावी लागे. खेळाडूंनी खटपट करून तिला ठार न करता नुसतं बेशुद्ध पाडायची वाट शोधली. पुढे निर्मात्यांनीच तशी अधिकृत सोय करून दिली. कथेत नसलेली जागा खेळाडूंनी भांडून मिळवली, अगदी मल्लासाठी दुसरी कथा रचणाऱ्या जेजुरीच्या भक्तांसारखी.

आणि आता तर असुर आपल्याच माणसांच्या संगणकांतून जन्म घेताहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ आणला. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी, गोलू तिचा धाकटा भाऊ. असुर पोरांना पळवतात, गोलूही त्यात सापडतो. त्या असुरांचा प्रमुख महाबलासुर. कथा सांगतात विष्णू आणि दुर्गा, वरून बघत, आपापसांत बोलत. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र खेळाच्या नामांकनांत या खेळाचं नाव होतं.

महाबलासुर पुराणातला नसून त्या चमूने घडवलेला असुर आहे. त्याला अजून देऊळ नाही, पायरी नाही, सण नाही. मराठी मुलखात एखादा असुर इतका नवाकोरा मिळणं ही दुर्मीळ गोष्ट. म्हणून चारकोपच्या त्या नातवाला माझं एकच सांगणं आहे. पट्टी शून्यावर आण, जरूर आण. पण नंतर मित्रांशी भांडताना मारायला हवा होता की सोडायला, एवढ्यावर थांबू नकोस. त्याची जागा कुठली, यावर भांड. आजोबांनाही त्या भांडणात ओढ. या विषयात त्यांचा हात धरणारा खेळाडू तुझ्या गटात एकही नसेल.